मांड पक्की, हात हलके: हिंजवडीची रोजची ये-जा, आंबोलीचा उतार आणि एक आर१५

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. पहाटे साडेपाचला यामाहा आर१५ वर, म्हणजे पुढे झुकून चालवायच्या स्पोर्ट बाईकवर, पुण्यातून गोव्याला निघालो होतो, सातारा, कराड, कोल्हापूर मागे टाकलं, निपाणीला हायवे सोडून उत्तूर-आजरा करत आंबोलीत पोचलो तोवर दुपारचे दोन वाजून गेले होते. आजऱ्यापासून उजव्या हाताला मुंग्या येत होत्या पण त्या मला रोजच्याच, म्हणून मनावर घेतलं नाही. गाव सोडून घाट उतरायला लागलो आणि दोन-तीन किलोमीटरमध्येच अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट पूर्ण बधिर. पुढे एसटी, वळणावळणाचा उतार, डोळ्याला दिसतंय की बोटं ब्रेकच्या लिव्हरवर आहेत पण किती दाबतोय ते हाताला कळतच नाही, एकदा इतका जोरात दाबला गेला की एबीएस (ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरलं. धबधब्यापाशी टपऱ्या आहेत तिथे कशीबशी गाडी बाजूला घेतली.

मावशींनी काचेच्या ग्लासात कडेपर्यंत भरून चहा दिला. नेहमीसारखा अंगठा आणि दोन बोटांत धरला, करंगळी खालून आधाराला. चटका बसला तो करंगळीला. ज्या बोटांनी ग्लास धरला होता त्यांना काही नाही, जणू ती माझी नव्हतीच. हात झटकून झटकून पंधरा मिनिटांनी जान आली. त्या पंधरा मिनिटांत मी खरोखर घाबरलो होतो, कारण पुढे अजून पंचवीस-सव्वीस किलोमीटर सावंतवाडी, मग गोवा, आणि चार दिवसांनी हाच सगळा रस्ता परत.

तर हे त्या हाताचं प्रकरण. नीट सगळं लिहितोय कारण स्पोर्ट बाईक रोज चालवणाऱ्या खूप जणांचं गाडं इथेच अडतं. हात-पाठ दुखायला लागते, चार लोक सांगतात "विकून टाक, ऑफिसला सरळ बसायची गाडी घे" आणि वर्षभरात गाडी विकली जाते. मला विकायची नव्हती. २००८ ला पहिली आर१५ आली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, होस्टेलच्या पार्किंगमध्ये एकाची लाल उभी असायची, येता-जाता तिच्याकडे बघायचो. २०२२ च्या जूनमध्ये ऑफिस परत सुरू झालं तेव्हा स्वतःच्या पैशाने सेकंडहँड घेतली, २०१९ ची व्ही३, म्हणजे आर१५ ची तिसरी आवृत्ती. १५५ सीसी, लिक्विड कूल, सहा गिअर, सीट ८१५ मिमी उंच, टाकी ११ लिटरची. माझी उंची पाच फूट आठ इंच, वजन ७६, तेव्हाचं वय ३४, आधी कधी मनगटाचा किंवा पाठीचा त्रास नाही.

रोजचा रस्ता वडगाव बुद्रुक ते हिंजवडी फेज २, एका बाजूने २४ किलोमीटर. वारजे, चांदणी चौक, बावधन, सूसखिंड, बालेवाडी, वाकड असा बायपासने. सकाळी ५५ मिनिटं ते सव्वा तास, संध्याकाळी त्याहून जास्त. म्हणजे दिवसाला दोन-सव्वादोन तास हात हँडलवर. आंबोलीच्या आधी सहा महिने हे चालू होतं आणि मुंग्या साधारण तिसऱ्या महिन्यापासून यायला लागल्या होत्या.

सुरुवातीला मी पण सगळे करतात तेच केलं. जेल पॅडवाले ग्लोव्हज घेतले, २८०० रुपये, तळव्याला जाड गादी. फरक नाही, उलट ग्रिप हातात भरेनाशी झाली म्हणून मूठ अजून आवळायला लागलो आणि कोपरापर्यंत हात ताठायला लागला. मग ग्रिपवर फोमचं कव्हर, तेही तसंच. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात सांगितलं हँडल वर उचलणारे रायझर टाका, दोन तासात काम. तिथे थांबलो हे बरं झालं. क्लिप-ऑन (स्पोर्ट बाईकचं दोन तुकड्यांतलं खालचं हँडल) वर घेतले की क्लचची वायर, ब्रेकचा होज म्हणजे ऑइलची नळी, सगळं ताणलं जातं, हँडल पूर्ण वळवलं की फेअरिंगला, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाला, कुठे टेकतंय ते बघावं लागतं, आणि ब्रेकच्या होजशी खेळ करून हात वाचवायचा हे मला पटलं नाही. शिवाय दुखण्याचं कारणच कळलं नव्हतं, मग औषध कसलं करणार.

गोव्याहून आल्यावर हाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "नेमकी कुठली बोटं? करंगळी येते का त्यात?" चहाच्या ग्लासामुळे माझ्याकडे उत्तर तयार होतं. करंगळी शाबूत, अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेलेली. मग त्यांनी दोन्ही मनगटं खाली वाकवून हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून धरायला लावल्या, नमस्काराच्या बरोबर उलट. मिनिटभर धरायचं होतं, माझ्या उजव्या हाताला चाळीस सेकंदातच मुंग्या. ते म्हणाले मनगटाच्या मधून एक नस जाते, मीडियन नर्व्ह, ती अंगठ्याकडच्या बोटांना जाते आणि मनगट वाकलेलं ठेवून त्यावर भार दिला की ती दबते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं असतं तर दुसरी नस, अल्नर, ती तळव्याच्या करंगळीकडच्या कडेला दाबली जाते, सायकलवाल्यांना ते होतं. त्यांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला आणि म्हणाले, "सहा आठवडे देतो तुम्हाला. कारण शोधा आणि काढा. रात्री झोपेत बधिर व्हायला लागलं किंवा अंगठ्याची ताकद कमी वाटली तर लगेच या, मग टेस्ट करू आणि गाडी बंद." तुमची बोटं बधिर होत असतील तर आधी हाताच्या डॉक्टरांना दाखवा, मी जे पुढे सांगतोय ते त्यानंतरचं.

घरी आल्यावर वही केली. तारीख, किती वाजता निघालो, मुंग्या कुठे सुरू झाल्या, किती मिनिटांनी, काय बदललं. एका वेळी एकच बदल, निदान आठवडाभर तसाच ठेवायचा. जानेवारी २०२३ चा पहिला आठवडा काही न बदलता नुसतं लिहिलं. सरासरी २२ मिनिटांनी मुंग्या, बहुतेक वेळा सूसखिंडीच्या आसपास.

वहीमुळे लगेच एक गोष्ट डोळ्यात भरली जी सहा महिने समोर असून दिसली नव्हती. मोकळ्या रस्त्यावर ८०-९० ने जाताना त्रास जवळपास नाही. त्रास सगळा १५-२० च्या स्पीडला, खोळंब्यात, आणि उतारावर. गोव्याची ट्रिप आठवली तर तिथेही तेच, साताऱ्याआधीचा खंबाटकी घाट येईपर्यंत हात ठणठणीत, तो उतरताना थोडं, आंबोली उतरताना पूर्ण बधिर. लोकांना वाटतं स्पोर्ट बाईक लांबच्या प्रवासाला वाईट आणि गावात चालून जाते, माझ्या वहीत बरोबर उलटं निघत होतं. विचार केल्यावर उलगडा झाला. वेगात समोरून येणारा वारा छातीला खालून-पुढून टेकू देतो, पुढे झुकलेल्या अंगाचा बराच भार तोच उचलतो. गाडी हळू झाली की तो टेकू जातो आणि वरचं सगळं अंग तळव्यांवर येतं. उतारावर तर अंग पुढे घसरतंच, वर ब्रेक, की अजून पुढे. म्हणजे प्रश्न अंतराचा नव्हता, तळव्यांवर किती किलो पडतात त्याचा होता.

मग ते किलो मोजले. हे वाचायला विचित्र वाटेल पण सगळ्यात जास्त मला ह्याच्यातून कळलं. गॅलरीत आमचं लांब लाकडी बाकडं आहे, त्यावर घोड्यावर बसतात तसा दोन्हीकडे पाय टाकून बसलो. पुढे दोन पाट एकावर एक, त्यावर बाथरूममधला वजनकाटा. गाडीवर वाकतो तेवढं वाकून दोन्ही तळवे काट्यावर, आणि बायको आकडा वाचणार. अंग सैल सोडून, म्हणजे मी रोज बसायचो तसं, साडेतेरा किलो. मग ऑफिसची बॅग पाठीला लावली, लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट. बॅग वेगळी मोजली तर सात किलो दोनशे. बॅगसकट तळव्यावर १७. सतरा किलो, दोन तास, रोज. मग टाकीच्या जागी मांड्यांच्या मध्ये पिठाचा डबा ठेवला, दहा किलोवाला, भरलेला, आणि तो मांड्यांनी घट्ट दाबून पोट आत घेऊन कंबरेतून वाकलो. "अरे, पाचवर आला! काय केलंस?" बायकोला वाटलं मी हात उचलले. हात तिथेच होते. बॅग लावून आणि डबा दाबून, आठ.

गॅलरीतलं बाकडं म्हणजे गाडी नाही हे मान्य, आकडे तंतोतंत धरू नका. पण तेरा आणि पाच ह्यातला फरक कुठल्या ग्लोव्हजने भरून निघणार होता?

त्याच महिन्यात साताऱ्याचे मामा आले होते. मामांनी वीस-बावीस वर्षं आरएक्स १०० वापरली आणि त्यांच्या लहानपणी घरी घोडी होती. मी त्यांना हे सगळं उत्साहाने सांगत होतो, तर म्हणाले गाडी काढ, बस तिच्यावर, बघू दे. स्टँडवर बसलो. त्यांनी काही न बोलता माझ्या गुडघ्याला हात लावला आणि अलगद बाहेर ओढला. गुडघा लगेच बाजूला गेला. "अरे, मांडच नाही तुझी. लगाम काय लोंबकळायला असतो का? घोड्यावर तोल मांडीवर, लगाम नुसता सांगायला. मांड पक्की कर, हात आपोआप हलका होतो." मग स्वतः बसले, सत्तरीतला माणूस, गुडघे टाकीला असे चिकटले की मला ओढून हलेना, आणि हात हँडलवर नुसते ठेवलेले, कोपरं वाकलेली. वजनकाटा, डॉक्टर, वही ह्या सगळ्यातून मी जिथे पोचलो होतो ते त्यांच्या अंगातच होतं.

तेव्हापासून माझ्यासाठी ह्या प्रकरणाचं नाव मांड. आता प्रत्यक्ष काय काय बदललं ते सांगतो, वहीतल्या क्रमाने.

आधी बॅग पाठीवरून काढली. मागच्या सीटवर बसणारी टेल बॅग घेतली, पट्ट्यांनी चार ठिकाणी आवळायची, चोवीसशे रुपये. सीट अरुंद आणि वर उचललेली, त्यामुळे पहिल्या दिवशी वाकडच्या पुलाखाली बॅग एका बाजूला सरकली, मग खाली रबरी जाळीचा तुकडा घातला, त्यानंतर हलली नाही. लॅपटॉप आडवा, त्याच्याखाली रेनकोट घडी करून, म्हणजे हादरे बसत नाहीत. पट्ट्यांची मोकळी टोकं मात्र गुंडाळून बांधाच, मागच्या चाकात किंवा चेनमध्ये एक गेली तर काय होईल ते सांगायला नको. नुसत्या एवढ्या बदलाने २२ मिनिटांचे ३१ झाले.

दुसरं, लिव्हरचा कोन, आणि ह्याला एक रुपया लागला नाही. गाडीवर बसून हात सरळ पुढे केला, बोटं लांब केली, तर ती लिव्हरच्या खूप खाली जात होती. म्हणजे ब्रेकवर बोटं ठेवायची तर मनगट प्रत्येक वेळी वर मोडायचं, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच तर सांगितलं होतं. बहुतेक आधीच्या मालकाने कधीतरी पडल्यावर लिव्हर बदलली असणार आणि बसवणाऱ्याने सरळ आडवी आवळली. दोन्ही बाजूचे क्लँपचे बोल्ट जरा ढिले केले, लिव्हर खाली फिरवल्या, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक रेघ येईल इतक्या, परत आवळल्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं कुठे काही अडकत नाही ना, ब्रेकचा होज पिळला जात नाही ना. पंधरा मिनिटांचं काम. ३१ चे ४० झाले. हे सहा महिने कोणीच, म्हणजे मी सुद्धा, बघितलं नव्हतं ह्याचं आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या नंबरला चेन, आणि इथे थोडा राग आहे. डिसेंबरच्या ट्रिपआधी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं होतं, तिथे चेन खेचून इतकी टाइट केली की मधोमध बोटाने उचलली तर जेमतेम हलायची. "टाइट आहे ना, आता आवाज येणार नाही" असं वर कौतुकाने सांगितलं. आवाज नाही आला, पण १५-२० च्या स्पीडला रेस उघडली-मिटली की गाडी धक्के द्यायची, आणि प्रत्येक धक्क्याला मी मूठ आवळायचो. चेनला ढील लागतेच. मागचं शॉकअप दाबलं गेलं की स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर येतो, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिव्होट (ज्यावर तो वर-खाली फिरतो) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, तेव्हा ढील नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. म्हणून ढील किती ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, चाक फिरवत फिरवत चेन जिथे सगळ्यात टाइट लागेल तिथे मोजायची, आणि दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवायच्या. दुसऱ्या मेकॅनिककाकांनी समोर बसवून दाखवलं, आता दर ५०० किलोमीटरला ल्यूब आणि ढील मी घरीच बघतो. काकांनी त्याच दिवशी क्लचच्या वायरमध्ये ऑइल सोडलं आणि लिव्हरच्या टोकाला १०-१५ मिमीचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठेवला. डाव्या हाताची कोपराजवळची कळ, जी मी क्लचला भोगायचंच असं धरून चाललो होतो, ती दोन दिवसात निम्मी.

हवेचं थोडक्यात. पंपावरच्या मुलाने पुढे-मागे दोन्हीकडे ४० पीएसआय भरली होती, गाडीवरच्या स्टिकरवर त्यापेक्षा बरीच कमी आहे. प्रत्येक खड्डा हातात. सकाळी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे भरली, संपला विषय. स्वतःचा गेज घ्या, दोन-तीनशे रुपयाचा येतो.

आणि मग मांड, जिला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण ती गाडीत नव्हती, माझ्यात होती. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड लावले, नऊशे रुपये, कारण नुसत्या पेंटवर पँट घसरते. बसताना टाकी आणि आपल्यामध्ये एक मूठ जागा. स्पोर्ट बाईकची सीट पुढे उताराची असते, दर ब्रेकला माणूस घसरून टाकीला चिकटतो आणि मग हात ताठ होतात, कोपरं कुलूप लावल्यासारखी. त्यामुळे ब्रेक लावायच्या आधी मांड्या आवळायच्या, नंतर नाही, आधी. पायाचा पंजा फुटरेस्टवर, टाच आत. पाठ कमानीसारखी न वाकवता कंबरेतून झुकायचं. आणि हात, ग्रिप धरायची ती पोळी लाटताना लाटणं धरतो तशी. लाटणं आवळून दाबलं की पोळी पोळपाटाला चिकटते, हलकं धरलं की फिरते. मला दर सिग्नलला स्वतःला आठवण करावी लागायची, टाकीवर एक छोटा पिवळा स्टिकर चिकटवला होता, तो दिसला की खांदे खाली, कोपरं सैल.

पहिले दहा दिवस मांड्या इतक्या दुखल्या की ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरायला लागायचा. पोटात ताकद नव्हती, वीस मिनिटांत पाठ ढेपाळायची आणि भार परत हातावर. म्हणून रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार आणि तीन वेळा चाळीस-चाळीस सेकंद प्लँक. तीन आठवड्यांनी फरक पडायला लागला, त्याआधी नाही, घाई करून उपयोग नाही.

खोळंब्यात चालवायची पद्धत पण बदलली. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरत सरकायचो ते बंद केलं, दोन गाड्यांची जागा सोडायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखं हळू जात राहायचं, मध्ये रिक्षा घुसते, घुसू दे. दहा-पंधराच्या स्पीडला पुढचा ब्रेक मारला की अंग फेकलं जातं आणि फोर्क, म्हणजे पुढचं शॉकअप, डुबतो, तिथे मागचा ब्रेक जास्त वापरायचा. वेगात असताना मात्र पुढचाच ब्रेक मुख्य, त्यात गफलत करू नका. थांबलो की न्यूट्रल आणि दोन्ही हात खाली, बोटं हलवायची. रेडिएटरचा पंखा चालू झाला की उजव्या नडगीला गरम झोत येतो, एप्रिल-मेमध्ये जाणवतो, त्याला जाड पँट एवढाच उपाय मला सापडला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वहीत लिहिलंय, पाच दिवसांत सकाळी एकदाही मुंग्या नाहीत, संध्याकाळी दोनदा, त्याही तासाभरानंतर. डॉक्टरांनी परत ती उलट्या नमस्काराची टेस्ट घेतली, पूर्ण मिनिट धरलं, काही नाही. कोणी म्हणेल चांदणी चौकाचं काम झालं, ट्रॅफिक सुटलं म्हणून हात सुटला. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि नवीन पुलाचं उद्घाटन ऑगस्ट २०२३ ला झालं. माझी सगळी मोजणी जानेवारी ते मार्च २०२३ ची, म्हणजे तिथे खोदाखोद आणि वळवलेले रस्ते ऐन भरात असतानाची. ऑगस्टनंतर वेळ वाचला हे खरं, पण हात त्याच्या आधीच सुटला होता.

डिसेंबर २०२३ ला मुद्दाम तोच रस्ता परत केला. पुणे ते सावंतवाडी, ट्रिपमीटरवर ३८६ किलोमीटर. ह्या वेळी दर ७०-८० किलोमीटरला थांबलो, दहा मिनिटं, हेल्मेट काढून, चालून. स्पीड ८०-८५ च्या वर नेला नाही, त्या स्पीडला गाडी निवांत चालते, वाराही टेकू देतो, पेट्रोल पण लिटरला ४८ पर्यंत गेलं. सामान सगळं मागच्या सीटवर, पाठीवर काही नाही, पाणी सुद्धा नाही. आंबोली उतरताना दुसरा-तिसरा गिअर, रेस मिटवून इंजिनच गाडी धरून ठेवतं, व्ही३ ला स्लिपर क्लच आहे त्यामुळे गिअर खाली टाकला तरी मागचं चाक अडखळत नाही, ब्रेक फक्त वळणाच्या आधी, दोन बोटांनी, हळूहळू वाढवत, आणि त्याच्याआधी मांड्या. मागच्या वर्षी ज्या टपरीवर थांबलो होतो तिथेच थांबलो. मावशींना मी आठवत नव्हतो, आठवायचं कारणही नाही. ग्लास हातात घेतला आणि लगेच खाली ठेवावा लागला, पाचही बोटं भाजली.

सगळं सुटलं असं नाही, ते पण सांगायला हवं. मान अजून दुखते, साडेतीन-चार तासांनंतर, कारण झुकून बसलं की समोर बघायला मान वर करावीच लागते. हलकं हेल्मेट घेतल्यावर थोडं कमी झालं. सावंतवाडीहून परत येताना कराडच्या पुढे अंधारात उजव्या अंगठ्याला पाच-सात मिनिटं मुंग्या आल्या होत्या, थकल्यावर मांड सुटते आणि आपल्याला कळत नाही, त्यामुळे आता शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये दर ४० ला थांबतो. मुंबईला जायचं तर एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, जुन्या हायवेने खंडाळा उतरून जावं लागतं, तिथला उतार आणि ट्रक दोन्ही हाताची परीक्षा घेतात, तो रस्ता मी सकाळी लवकरच करतो.

आणि मागे कोणी बसणार असेल तर ही गाडी नाहीच. मागच्याचा सगळा भार ब्रेकला पुढच्याच्या पाठीवर येतो, म्हणजे परत माझ्या तळव्यांवर, आणि त्या बिचाऱ्या माणसाला धरायला काही नाही. बायकोला एकदा सिंहगड पायथ्यापर्यंत नेलं होतं, परत येईपर्यंत दोघांचेही हाल. दोघं असलो की स्कूटर. ज्यांना आधीच कंबरेच्या मणक्याचा किंवा मानेचा त्रास आहे, त्यांना मी ही घ्या म्हणून सांगणार नाही, त्यांना मांड पक्की करून सुद्धा झुकून बसणं सोसेल का ते त्यांचा डॉक्टरच सांगू शकतो.

वही अजून चालू आहे, फक्त आता आठवड्यातून एकदाच लिहितो. सध्या फोर्क ऑइल बदलायचं राहिलंय, गाडी ४१ हजार चालली आणि माझ्याकडे आल्यापासून एकदाही बदललेलं नाही, खड्ड्यात पुढचं चाक जास्त डुबायला लागलंय आणि गेल्या दोन आठवड्यांत संध्याकाळच्या रकान्यात "वाकडनंतर थोडं" असं तीनदा लिहिलं गेलंय. शनिवारी काकांकडे टाकतोय, ऑइल बदलल्यावर आठवडाभर दुसरं काही न बदलता चालवणार आणि मग बघणार.